किडनी दिली, स्वादुपिंड राहिलं

इन्सुलिन कमी लागायला लागलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. बायकोला बाराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. लग्न जमवताना तिच्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं. "पोरगी सुई घेते, बाकी कामात कोणाले आयकत नाई," असं त्यांनी सांगितलं होतं आणि ते शब्दाला शब्द खरं निघालं. निंदण असो की कापसाची वेचणी, ती पुढच्या ओळीत असायची. मग एका वर्षी सुईचे युनिट कमी होत गेले. नेहमीएवढं घेतलं की साखर एकदम खाली यायची. घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि तोंडात साखर कोंबावी लागायची. गावात लोक म्हणाले, "कामानं शुगर उतरून रायली तिची."

यवतमाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि उलटंच सांगितलं. टोचलेलं इन्सुलिन मोडून काढायचं बरंचसं काम किडनी करते. किडनी मंदावली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून थोडं पुरतं. लघवीला फेस येत होता, संध्याकाळी पाय सुजत होते, ते सगळं त्याच हिशेबातलं. मधुमेह जागच्या जागी होता, किडन्या बसत चालल्या होत्या.

डायलिसिसबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून मी फार लिहीत नाही. आमचं गाव कळंब तालुक्यात. डायलिसिस यवतमाळला. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला मोफत प्रवासाची सवलत आहे, ती घ्या; कंडक्टरला कागद दाखवायला लाजायचं कारण नाही. पण मे महिन्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, माणूस उभ्या उभ्या वाळतो, आणि हिला दिवसाला एक लिटरच पाणी. त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. सकाळी बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचं. जास्त प्यालं की ते पाणी फुप्फुसात चढतं, रात्री आडवं होता येत नाही. बर्फाचा खडा चोखणं हीच चैन. आणि पोटॅशियम वाढतं म्हणून संत्रं बंद. विदर्भातल्या माणसाला संत्रं बंद! टमाटरही बंद, तुरीचं वरण मोजून, भाजी चिरून गरम पाण्यात ठेवायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. इन्सुलिनची बाटली लाइन गेली की फ्रिजमधून काढून डबीत घालायची आणि ती डबी माठात ठेवायची. हे सगळं करून वर साखर सांभाळायची. डायलिसिसच्या दिवशी ती कुठे जाईल याचा भरवसा नाही.

नागपूरच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मला वाटलं होतं, किडनी बदलायची की नाही एवढाच प्रश्न आहे. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि दोन अवयव दाखवले. ज्याला टाइप वन आहे आणि किडनीही गेली आहे, त्याच्यात किडनी आणि स्वादुपिंड दोन्ही एकाच वेळी बसवता येतात. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मारलेल्या असतात. नवं स्वादुपिंड आलं आणि चाललं, तर सुई सुटते. आणि हिच्या किडन्या साखरेनं गेल्या होत्या. ती साखर तशीच राहिली तर नव्या किडनीलाही धोका राहणारच. जुनं काहीच काढत नाहीत. जुन्या किडन्या पाठीत, जुनं स्वादुपिंड जठरामागे, सगळं जिथल्या तिथे. नवे दोन्ही खाली ओटीपोटात, साधारण उजवीकडे स्वादुपिंड आणि डावीकडे किडनी. स्वादुपिंडाबरोबर दात्याच्या लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडाही येतो आणि तो आपल्या आतड्याला जोडतात, कारण स्वादुपिंड पाचक रसही बनवतं आणि त्याला वाहून जायला वाट हवी.

बायको चित्राकडे बघत होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "दोनीही करा मंग." मी तिच्याकडे पाहिलं, ती रडत होती. किडनी गेली म्हणून ती इतकी रडली नव्हती. बारा वर्षांची असल्यापासून रोजच्या सुया, आणि आता कुणीतरी सांगत होतं की त्या थांबू शकतात.

मग डॉक्टरांनी दुसरी बाजू सांगितली. किडनी जिवंत माणूस देऊ शकतो, कारण दोन असतात. स्वादुपिंड एकच. ते जवळजवळ नेहमीच ब्रेन-डेड दात्याकडून घ्यावं लागतं, म्हणजे मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांच्या मंडळानं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवलेलं आणि घरच्यांनी होकार दिलेला दाता. विदर्भातली यादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. अशी केंद्रं महाराष्ट्रात चार: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. किडनी नागपुरात बसवणारे दवाखाने बरेच आहेत, सरकारी सुपर स्पेशालिटीतही २०१६ पासून होतं. स्वादुपिंडाचं तसं नाही. त्यासाठी त्यांनी आम्हाला पुण्या-मुंबईकडे बोट दाखवलं. वर हेही सांगितलं की दोन अवयवांचं ऑपरेशन मोठं असतं. स्वादुपिंडाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होऊ शकते, आतड्याच्या जोडावर गळती होऊ शकते, पुन्हा पोट उघडावं लागू शकतं.

परतताना बसमध्ये देवळीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. देवळीनंतर भांडलो.

माझं म्हणणं असं होतं: किडनी बर्फात दिवसभर तग धरते, स्वादुपिंड साधारण बारा तासांच्या आत बसवावं लागतं. म्हणजे फोन आला की तासांचा हिशेब. कळंबहून पुणे गाठायचं तर रात्र जाते. मग पुण्यातच खोली करून राहायचं, किती महिने ते देवालाही माहीत नाही, डायलिसिस तिथेच, पोरीची शाळा इथे, वावर इथे, माझी पिठाची गिरणी इथे. तिचं म्हणणं एकच होतं: "तुमाले सुई टोचा लागत नाई." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तरी मी माझा मुद्दा सोडला नाही.

शेवटी निर्णय फिस्टुलानं केला. डायलिसिससाठी हातात जी शीर जोडून मोठी केलेली असते, ती एका सकाळी बंद पडली. हात लावला तर आतली थरथर गायब. मग मानेत नळी घातली, त्या नळीतून जंतू शिरले, थंडी वाजून ताप आला आणि ती दवाखान्यात पडून राहिली. तिथून उठल्यावर तीच म्हणाली, आधी किडनी करून टाकू. डॉक्टरांनी सांगितलं होतंच की घरातल्याची किडनी आधी बसवून स्वादुपिंड पुढे वेगळं करणं, हाही एक रस्ता आहे. जिवंत दात्याची किडनी साधारणपणे जास्त वर्षं टिकते हा त्यातला फायदा, आणि दोन ऑपरेशनं हा तोटा.

मग देणार कोण? तिचे वडील वारले. आईचा रक्तगट जुळेना. भावाचा जुळत होता, पण त्याच्या बायकोनं नको म्हटलं. त्यावरून आमच्या नात्यात बरीच तोंडं सुटली. मला त्या बाईचं काही चुकलं असं वाटत नाही. दोन लहान लेकरं, कोरडवाहू चार एकर, घाबरणारच ती. माझा गट ओ, म्हणजे कुणालाही चालतो. मी देतो म्हटलं तर माझी आई चुलीपुढून उठून आली. "बायकोसाठी पोट फाडून घेतं का कोनी? तुले काई झालं त आमी कोनाकडं पाहाचं?" मी विचारलं, मला लागली असती आणि हिनं दिली असती तर? आई म्हणाली, "ते अलग हाय." अलग काय ते तिनं सांगितलं नाही. पुढे नागपुरात वॉर्डात पाहिलं तर घेणारे बहुतेक बापे आणि देणाऱ्या आया, बायका, बहिणी. देशभर असंच आहे म्हणतात. तिथल्या एका नर्सनं मला दोनदा विचारलं, "पेशंट तुम्हीच ना?"

जवळच्या नात्यात कोण येतं ते कायद्यात लिहिलेलं आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. यातला दाता असेल तर मंजुरी दवाखान्याच्या पातळीवर मिळते. बाहेरचा असेल तर प्राधिकार समितीपुढे जावं लागतं आणि तिथे फार कसून चौकशी होते. विकत घेण्या-देण्याला तुरुंग आहे. आम्हाला गावातूनच एकानं "चंद्रपूरकडं एक मानूस हाय" असं कानात सांगितलं होतं. अशा माणसापासून लांब राहा, एवढंच म्हणतो.

माझ्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवणं, सोनोग्राफी, हृदयाच्या चाचण्या, कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांसाठी सीटी अँजिओ. मला मधुमेह नाही ना हे तर दोन-तीन प्रकारे पाहिलं. दातांचा डॉक्टर, मनाचा डॉक्टर. मनाच्या डॉक्टरांनी बायकोला बाहेर बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का. मी म्हटलं, दबाव आहे, पण देऊ नको म्हणणाऱ्यांचा. ते हसले आणि लिहून घेतलं. भूल देणाऱ्या मॅडमनी तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, "खर्रा किती?" खर्रा म्हणजे चुना घालून घोटलेली तंबाखू-सुपारी; यवतमाळच्या माणसाला हे विचारायची गरजच नसते. खर्रा सुटल्याशिवाय तारीख नाही, असं त्यांनी बजावलं. किडनी देण्यापेक्षा ते जड गेलं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

पण खरी भीती एका वेगळ्याच चाचणीची होती आणि तिच्याबद्दल आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. बाई गरोदर असते तेव्हा पोटातल्या बाळात अर्धं नवऱ्याचं असतं. काही जणींचं शरीर त्या अर्ध्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्या वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. नवऱ्याची किडनी बसवली की त्याच अँटिबॉडी तिच्यावर तुटून पडतात. म्हणून बायकोनं नवऱ्याला देण्यापेक्षा नवऱ्यानं लेकरं झालेल्या बायकोला देणं या बाबतीत थोडं अवघड. रक्त चढवल्यानंही अशा अँटिबॉडी होतात, म्हणूनच डायलिसिसमध्ये हिमोग्लोबिन घसरलं तरी डॉक्टर शक्यतो रक्त न देता इंजेक्शनं देत होते, ते तेव्हा उमगलं. दोघांचं रक्त घेतलं आणि प्रयोगशाळेत एकत्र करून पाहिलं, याला क्रॉसमॅच म्हणतात. निकाल येईपर्यंत पोरीला काही सांगितलं नाही. तिला हे उगाच स्वतःमुळे वाटलं असतं. निकाल निगेटिव्ह आला. निगेटिव्ह म्हणजे चांगला, हे बायकोला फोनवर सांगताना मला दोनदा समजावून द्यावं लागलं.

यानंतर कागद. नवरा-बायको असल्याचा पुरावा हवा होता: लग्नाचा दाखला, लग्नाचे फोटो, घरच्या सगळ्यांचा एक फोटो, मुलीचा जन्मदाखला. आमचं लग्न अंगणात मांडव घालून झालेलं, नोंदणी कोण करतो! ती आता ग्रामपंचायतीत केली, तर दाखल्यावर नोंदणीची तारीख ताजी. ती पाहून कुणालाही शंका येईल. त्यात बायकोची तीन नावं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर लग्नात आमच्याकडे ठेवलेलं, आणि रेशन कार्डावर टाइप करणाऱ्याच्या मर्जीतलं. तिन्ही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र तहसीलमध्ये करून घेतलं. दवाखान्यात प्रत्यारोपणाचे कागद बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमनी एक गोष्ट आधीच सांगितली होती आणि ती मी सगळ्यांना सांगतो: डायलिसिस सुरू झालं त्याच दिवसापासून नावं एकसारखी करायला लागा. शिक्का मिळाल्याशिवाय किडनी मिळत नाही.

मंजुरीच्या मुलाखतीला कॅमेरा लावलेला होता. आधी दोघांना वेगवेगळं विचारलं, मग एकत्र. किडनी दिल्यावर काय धोका असतो, पैसे कुणी देऊ केले का, नाही म्हणायचं असेल तर आत्ताही म्हणू शकता, असं सगळं. आम्ही लग्नाचा अल्बम नेला होता, ते जाड पानांचं बाड. एका सरांनी मधलंच पान उघडून विचारलं, हे फेटेवाले कोण? मी म्हटलं, माझे मामा. तेच बाहेर बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मामेसासरे, जेवणात बुंदी कमी पडली म्हणून रुसले होते ते." मंजुरी मिळाली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. पूर्वी मर्यादा अडीच लाख होती, २०२३ च्या शासन निर्णयानं ती साडेचार लाख केली. दवाखाना योजनेत आहे का ते आधी विचारा. आमच्या तपासण्यांचा खर्च बराचसा मंजुरीच्या आधीच झाला आणि तो खिशातून गेला. त्यात त्या साली तूर विकली तेवढी सगळी गेली.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. आधी मला आत नेलं. डावी किडनी काढली, कारण डावीकडची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. दुर्बिणीतून काढतात, खाली किडनी बाहेर येईल एवढाच छेद. शुद्धीवर आलो तर पोटापेक्षा खांदा दुखत होता. मला वाटलं टेबलावरून पाडलं की काय! पोट फुगवायला जो वायू भरतात त्यानं खांदा दुखतो, हे नंतर कळलं. नर्सनं येऊन सांगितलं, "काका, तुमची किडनी टेबलावरच लघवी करायला लागली." त्या रात्री बायकोच्या पिशवीत किती लघवी जमली याचा आकडा मला तासातासाला कळवला जात होता. ज्या बाईनं लिटरभर पाण्यावर उन्हाळे काढले तिला डॉक्टर आता पाणी पी, अजून पी म्हणत होते. तिला ते जमेना. ग्लास तोंडाला लावून थांबायची, सवयीनं.

पुढचे काही महिने दवाखान्याजवळ खोली करून राहिलो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. त्यातल्या टॅक्रोलिमस नावाच्या गोळीची पातळी बघायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन गेलं तर आकडा फसवा येतो. लघवीच्या नळीत ठेवलेली छोटी स्टेंट काही आठवड्यांनी काढली. तुळशीचा काढा, गुळवेल, प्रतिकारशक्ती वाढवणारं चूर्ण घेऊन नातेवाईक आले. ती वाढू नये म्हणूनच तर आपण एवढ्या गोळ्या खातो, हे प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागलं. गावी आल्यावर गिरणीच्या खोलीत तिला मज्जाव, पिठाची धूळ उडते. गोठ्यात मज्जाव. फवारणीच्या दिवसांत वावरात मज्जाव. पाणी उकळूनच. माझ्यापुरतं बंधन एवढंच की सुरुवातीचे महिने पोतं उचलायचं नाही, अंग दुखलं म्हणून गावातल्या डॉक्टरची दुखीची गोळी किंवा सुई घ्यायची नाही, कारण त्या गोळ्या किडनीला मारतात आणि माझ्याकडे आता एकच आहे. वर्षाला एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, तपासून येतो. गहू दळायला येणारे अजून विचारतात, "बापू, जडजड वाटते का?" हलकं वाटायला हवं खरं तर.

संत्रं सुरू झालं. संत्र्याच्या जातीतलं पपनस मात्र बंद, ते गोळीची पातळी बिघडवतं.

साखरेचं मात्र तसंच आहे, उलट वाढलंच. स्टेरॉईड आणि टॅक्रोलिमस दोन्ही साखर चढवतात, आणि आता किडनी चांगली चालते म्हणून इन्सुलिनही पटकन मोडलं जातं. डायलिसिसच्या काळातले ते थोडेसे युनिट आता दुपटीवर गेले. सुया चार. क्रिएटिनिन चांगलं आलं की मी खूश होतो आणि ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा कागद माझ्यापुढे धरते. कुणी म्हणतं आता बरी आहे ना बायको, तर मी हो म्हणतो. तिला विचारलं तर ती म्हणते, "अर्धी."

मागच्या तपासणीत तिनं स्वतःच डॉक्टरांना स्वादुपिंडाचं विचारलं. किडनी स्थिर आहे, वय अजून बसतं, पुण्याला एकदा दाखवून या, ते हृदय आणि पायाच्या रक्तवाहिन्या तपासून सांगतील, असं ते म्हणाले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तशाही चालूच आहेत, म्हणजे त्या बाजूचा निम्मा डोंगर चढून झालाय, असा तिचा युक्तिवाद. पुन्हा पोट उघडायचं, त्यात माझी किडनी धोक्यात आली तर, असा माझा. "तुमची नाई, आता माही हाय ते," ती म्हणते. मी म्हटलं, सोयाबीन निघू दे, मग पाहू. तिनं धामणगावहून पुण्याची दोन तिकिटं काढून आणली. पोरीनं मोबाइलवर काढून दिली म्हणे, सोयाबीनच्या आधीची.